रणांगण दाखवणारा माणूस

यवतमाळच्या आमच्या वाचन मंडळानं यंदा युद्धभूमींची सहल करायचं ठरवलं आणि थोड्याच दिवसांत टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग जमला. द्रास-कारगिल, लोंगेवाला, पानिपत. एकानं तर थेट बेल्जियममधल्या वॉटर्लूचं पत्रक आणलं. विमान नागपूरहून की मुंबईहून, हॉटेल किती तारांकित, संध्याकाळच्या चहाबरोबर काय मिळणार, सगळं त्यात बारकाईनं छापलेलं होतं. प्रत्यक्ष रणांगणावर किती वेळ थांबायचं आणि ते दाखवणार कोण, एवढंच कुठे सापडेना. प्रवासाच्या चौकशीचं काम मंडळात माझ्याकडे असतं, म्हणून मी एकेका ठिकाणी फोन लावले.

"द्रासला किती वेळ देता?"

"स्मारक आहे ना काका, तिथे तासभर. फोटो काढायला भरपूर वेळ मिळतो."

"आणि लढाई कोण समजावून सांगतं?"

"टूर मॅनेजर असतो की बरोबर."

तो मॅनेजर मागच्या आठवड्यात केरळात असेल, पुढच्या आठवड्यात हिमाचलात. चाळीस माणसांच्या खोल्या, औषधं, पथ्यं आणि रुसवेफुगवे सांभाळणारा हा माणूस कष्टाळू असतो, यात शंका नाही. पण तोलोलिंगची चढणही त्यानंच समजावून सांगावी, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

म्हणून बैठकीत मी एकच गोष्ट लावून धरली. ठिकाण नंतर ठरवू, आधी दाखवणारा माणूस ठरवू.

द्रासचंच घ्या. स्मारक आहे श्रीनगर-लेह महामार्गावर, तोलोलिंगच्या पायथ्याशी. गाव जवळपास 11 हजार फुटांवर, शिखर त्याहून कितीतरी उंच. तिथे कोरलेली नावं वाचताना घसा दाटून येतो आणि तो यायलाच हवा. पण जाणता माणूस तुम्हाला आधी रस्त्यावर उभं करील, शिखराकडे बघायला लावील आणि विचारील, "वर दुर्बीण घेऊन बसलेल्याला इथून जाणारा ट्रक दिसेल की नाही?" 1999 चं सगळं युद्ध त्या प्रश्नात आहे. लडाखला रसद नेणारा रस्ता वरून दिसत होता, वरून तोफांचा मारा करवता येत होता, म्हणून ती शिखरं परत घ्यावीच लागली. वर जायची वाट उघडी, आडोसा नाही, हवा विरळ, म्हणून चढाई रात्री करावी लागली. 13 जूनला तोलोलिंग हाती आलं आणि 4 जुलैला टायगर हिल. हे मैदानात उभं राहून कळलं की नावांच्या भिंतीपुढे आपण वेगळ्या पावलांनी जातो. उलट क्रमानं नेलं तर भिंत बघून होते आणि डोंगर बघायचा राहतो.

2025 च्या सेनादिनाच्या निमित्तानं केंद्र सरकारनं 'भारत रणभूमी दर्शन' हा उपक्रम सुरू केला. सीमेवरची आणि युद्धांशी जोडलेली 77 ठिकाणं त्यात आहेत. गलवान, सियाचिन, लोंगेवाला अशा जागी जायला काय परवाने लागतात, कसं जायचं, ही माहिती एका ठिकाणी मिळू लागली, हे फार चांगलं झालं. सैन्यानं स्वतः दार उघडलं की दाखवणाराही बहुधा तिथे नोकरी केलेलाच भेटतो. त्या सेनादिनाचं संचलन पुण्याला खडकीत झालं. 5 नोव्हेंबर 1817 ला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ती त्याच खडकीच्या माळावर. त्या लढाईनं सुरू झालेल्या पळापळीचा एक शेवटचा अंक आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घडला, आणि टेबलावरच्या एकाही पत्रकात त्याचं नाव नव्हतं. तिथून माझं मन बदलू लागलं.

वाटाड्याची गोष्ट निघाली की मला नेहमी असईची लढाई आठवते. जालना जिल्ह्यातलं असई. 23 सप्टेंबर 1803. आर्थर वेलस्ली कैलना नदीच्या दक्षिणेला उभा, नदीपलीकडे शिंदे-भोसल्यांची अफाट फौज आणि तोफांची रांग. नदी ओलांडायला उतार हवा होता. बरोबरच्या वाटाड्यांनी ठासून सांगितलं, इथे उतार नाही. वेलस्लीनं दुर्बीण लावली, तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्यानं मनाशी हिशेब केला, दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसतात ती ये-जा असल्याशिवाय नाही. म्हणजे उतार असणारच. उतार होता. फौज पलीकडे गेली आणि बाजूनं चालून गेली. त्या एका दुपारी त्याच्या सैन्यातली दीड हजारांवर माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवल्यानंतरही आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारल्यावर त्यानं असईचंच नाव घेतल्याचं सांगतात.

माणूस आपल्याला जिंकायला आला होता, ते दुःख आहेच. पण जमीन कशी वाचायची, हे त्यानं त्या दुपारी दाखवून दिलं. रणांगण दाखवणाऱ्याकडून मी तेवढंच मागतो. सनावळी पुस्तकात मिळते. गाव इथेच का वसलं, नाला कुठून वळतो, तोफ ओढणाऱ्या बैलांना ही चढण झेपेल का, हे सांगणारा हवा.

असा माणूस आम्हाला आमच्याच जिल्ह्यात भेटला. पांढरकवड्याकडच्या शाळेत आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक सर. त्यांची ओळख मंडळातल्या एका ताईंनी काढली. फोनवर मी म्हटलं, "सर, शिवणीची लढाई दाखवाल?" ते म्हणाले, "दाखवीन, पण एप्रिलातच या. पावसाळ्यात आलात तर हिरवं रान दिसेल, लढाई दिसायची नाही."

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत पेशवाईची अखेर पुण्यात शनिवारवाड्यावर निशाण चढलं तिथेच संपते. प्रत्यक्षात बाजीराव दुसरे नोव्हेंबर 1817 मध्ये पुणं सोडून निघाले ते पुढचे सात महिने घोड्यावर होते. 1 जानेवारी 1818 ला कोरेगाव झालं. 20 फेब्रुवारीला आष्टीला बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती गेले. तिकडे नागपुरात सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसल्यांनी तह केला होता, पण आतून त्यांचा बाजीरावांशी पत्रव्यवहार चालू राहिला. बाजीरावांनी चांद्याकडे यावं, तिथला किल्ला मजबूत आहे, दोघे मिळून पुन्हा उभे राहू, असा बेत. मार्चमध्ये इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सनं आप्पासाहेबांनाच कैद केलं. तरीही बाजीराव चांद्याच्या ओढीनं वऱ्हाडात उतरले आणि एप्रिलच्या सुरुवातीला वणीच्या मुलखात आले. मध्ये एक वर्धा नदी उरली होती.

ती नदी त्या काळी सरहद्द होती. 17 डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहानं भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. म्हणजे आजचा आमचा वणी-पांढरकवड्याचा भाग निजामाचा, नदीपलीकडचं चांदा भोसल्यांचं. नागपूरहून निघालेल्या इंग्रज तुकडीनं पलीकडची वाट रोखली. पश्चिमेकडून जालन्याची फौज घेऊन डव्हटन येत होता. उत्तरेकडून, हिंगणघाटाहून, कर्नल ॲडम्स निघाला. 17 एप्रिल 1818 ला डव्हटनला टाळायला म्हणून बाजीरावांची फौज हलली ती नेमकी ॲडम्सच्या पुढ्यात आली. इंग्रज वृत्तांत या जागेला शिवणी म्हणतात.

आम्ही भल्या पहाटे यवतमाळहून निघालो. जोडमोहा मागे पडलं तेव्हा उजाडत होतं. सागाची झाडं निष्पर्ण, खाली पानांचा जाड थर. पळसाचा बहर ओसरलेला. मोहाखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या, आणि गाडीच्या काचा खाली केल्या की तो गोड, जड वास आत येत होता. पांढरकवड्याला सर वाट बघत उभे होते. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे, रंगीत खडू आणि पाण्याची मोठी बाटली.

त्यांनी आम्हाला लगेच गाडीत बसू दिलं नाही. एका चहाच्या टपरीवर नकाशा पसरला. "शिवणी नावाची गावं आपल्या जिल्ह्यात एक नाही," ते म्हणाले. "मग कोणती? हे आधी ठरवू, मग निघू." आणि एकेक शिवणी ते बाजूला काढत गेले. ही पैनगंगेकडे पडते, हिंगणघाटाहून निघालेलं घोडदळ इतक्या थोड्या अवकाशात तिथे पोचणार नाही. ही पश्चिमेला फार लांब, तिथे डव्हटनच्या आधी कोणी जाऊ शकत नाही. पांढरकवड्याहून एका रात्रीच्या मजलेत यायला हवी, आणि दोन्ही फौजांच्या मधली हवी. तर्जनी हळूहळू नकाशाच्या एका भागावर थांबली. चहा थंड झाला होता आणि आम्हा कुणालाच त्याची शुद्ध नव्हती. मला वाटतं, मार्गदर्शकाची परीक्षा इथेच होते. तो निष्कर्ष सांगतो की निष्कर्षापर्यंत आपल्याला चालवत नेतो?

पांढरकवड्याच्या नदीचं नाव खुनी. मंडळातल्या एकानं उत्साहानं विचारलंच, "सर, लढाईत रक्तानं पाणी लाल झालं म्हणून का हे नाव?" सरांनी शांतपणे मान हलवली. "लढाईशी त्याचा संबंध दाखवणारं मला काही मिळालेलं नाही. सांगितलं तर तुम्ही घरी जाऊन चार जणांना सांगाल. नको." इतकं बोलून ते पुढे चालू लागले. अशा जागी एक छान गोष्ट रचून सांगायचा मोह आवरणारा माणूस मी फार कमी पाहिला आहे.

मुलूख चढ-उतारांचा आहे. एक लाट चढावी, पलीकडे उतारात नाला, नाल्याकाठी झुडपी रान, पुन्हा लाट. काळ्या शेतांतून पऱ्हाटी उपटून ढीग लावलेले. सर एका उंचवट्यावर थांबले. "आता सांगा, समोरच्या उतारावर कोणी आहे का?" कोणीच दिसत नव्हतं. त्यांनी आमच्यातल्या दोघांना पुढे पाठवलं. ते उतारात शिरले आणि दिसेनासे झाले, मग पलीकडच्या लाटेवर एकदम डोकी वर आली. तेव्हा अंगावर काटा आला. हजारो घोडेस्वार, बैल, उंट, बाजारबुणगे, कुटुंबकबिला घेऊन फिरणारी एक फौज, आणि पुढची लाट चढेपर्यंत समोर काय वाढून ठेवलंय ते दिसत नाही. ॲडम्सबरोबर त्या क्षणी होतं ते मुख्यतः घोडदळ आणि घोड्यांनी ओढायच्या हलक्या तोफा. या जमिनीवर तेच वेगानं पुढे सरकू शकत होतं. प्रत्येक उंचवट्यावर तोफ आणायची, समोरच्या उतारावर मारा करायचा, पुन्हा पुढच्या उंचवट्यावर.

नाल्याच्या कडेला एक आजी शेळ्या राखत होत्या. सरांनी विचारलं, "माय, उन्हाळ्यात इथं पानी राह्यते का?" त्या म्हणाल्या, "पानी पाहाचं असन तं त्या वळनात पाहा बाप्पा. चैतातबी डोह आटत नाही थो." सरांनी नकाशावर खडूनं निळी खूण केली. मग आम्हाला म्हणाले, "एप्रिलात या मुलखात फौज रस्त्यानं चालत नाही, पाण्यानं चालते. इतक्या जनावरांना रोज पाणी पाजायचं तर डोह सोडून कुठे जाणार? पाठलाग करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं." पारा चाळिशीच्या वर, आमच्या बाटल्या निम्म्या झालेल्या. हे वाक्य पुस्तकात वाचलं असतं तर मी पान उलटून पुढे गेलो असतो.

शेतात कुंपणाची तार ओढत असलेल्या एका शेतकऱ्याला आम्ही लढाईबद्दल विचारलं. त्यांना नवल वाटलं. "कोन्ती लढाई जी? माह्या बाबूजीनं बी कधी सांगतली नाही. आमची तं डुकराईसंग लढाई हाये, रोज रातची जागल." सरांनी खाली बसून त्यांना सगळं सांगितलं, आम्हाला सांगितलं होतं त्याच तपशिलानं, त्यांच्या बोलीत. शेतकरीदादा ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "मंग त्या शिपायाईचं काय झालं?"

त्याचं उत्तर फारसं कुठे लिहिलेलं नाही. इंग्रज वृत्तांतात लूट मोजलेली आहे: पाच तोफा, तीन हत्ती, दोनशे उंट. इंग्रजांचं नुकसान नगण्य. बाजीराव घोड्यावरून निसटले, उत्तरेकडे वळले, आणि 3 जून 1818 ला असीरगडाजवळ इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन ते बिठूरला राहिले आणि 1851 मध्ये वारले. चांद्याचा किल्ला मे महिन्यात पडला. शिवणीच्या उतारांवर पडलेले स्वार कोणत्या गावचे होते, त्यांच्या घरी निरोप कोणी नेला, यातलं काही नाही. आणि समोरून तलवार चालवणारेही बहुतेक हिंदुस्थानीच, बंगाल घोडदळात भरती झालेले उत्तरेकडचे स्वार. सर म्हणाले, "मी दोन्हीकडचे मोजतो. नावं मिळत नाहीत, म्हणून निदान उभं राहून तेवढं बोलायचं."

परतताना सरांनी सुचवलं म्हणून टिपेश्वर अभयारण्याच्या सुन्ना गेटवरून गेलो. सफारीच्या गाड्या आत सोडत होते. प्रत्येक गाडीत आसपासच्या गावातला एक मार्गदर्शक. ठसा पाहून वाघ कधी गेला ते सांगणारी, सांबराची हाक ओळखणारी ही पोरं. 148 चौरस किलोमीटरचं हे जंगल बघायला लोक नागपूर-हैदराबादहून येतात, आणि मार्गदर्शक घेतल्याशिवाय आत जाताच येत नाही. ती सक्ती योग्य आहे असं कुणालाही पटतं. याच गावांतल्या मुलांना दोनशे वर्षांपूर्वीचे ठसे वाचायला शिकवलं तर? वर्धेचे उतार, वणीचा मुक्काम, पांढरकवडा, शिवणी. आणि दक्षिणेला उमरखेडचा भाग, जिथे 1819 मध्ये हटकरांचे नोवसाजी नाईक निजामाच्या आणि इंग्रजांच्या फौजेशी भिडले. दोन दिवसांचा भरगच्च फेरा होतो. मी हे गमतीनं म्हणत नाही. जिल्ह्याच्या पर्यटनाचा आराखडा करणाऱ्यांनी सरांसारख्या चार शिक्षकांना एकदा बोलावून बघावं.

आमच्या शेजारचं गाविलगड बघा. चिखलदऱ्याच्या सहलीत ते असतंच. आधी एका सहलीबरोबर मी गेलो होतो. तिथे दरवाज्यावरची शिल्पं, तलाव, भीम-कीचकाची कथा, आणि "चला, पॉईंट बघायचेत" अशी घाई झाली. पुढे अचलपूरकडच्या एका जाणत्या माणसाबरोबर गेलो तेव्हा त्यांनी दिल्ली दरवाज्यात न थांबवता आधी उत्तरेच्या अंगाला नेलं. दक्षिणेची बाजू उभ्या कड्यांची, तिकडून कोणी चढू शकत नाही. उत्तरेला मात्र किल्ला पठाराला एका अरुंद पट्टीनं जोडलेला आहे. किल्ला घ्यायचा तर तोफा तिथेच आणायला हव्यात, आणि तिथे जायला सातपुड्यातून वाटच नव्हती. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या सैन्यानं डोंगरांतून रस्ता काढत त्या तोफा ओढत नेल्या. 15 डिसेंबरला बाहेरचा तट फुटला. पण आत दरीपलीकडे दुसरा तट होता. दरवाज्यातून शिरू पाहणारे कोंडीत सापडले, आणि कॅप्टन कॅम्पबेलची माणसं शिड्या लावून तो तट चढली. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. हे सगळं मी त्या अरुंद पट्टीवर, मेळघाटच्या बोचऱ्या वाऱ्यात उभा राहून ऐकलं. त्यानंतर दोनच दिवसांनी देवगावचा तह, आणि त्या तहानं माझा जिल्हा निजामाकडे गेला. यवतमाळच्या माणसानं गाविलगड या नात्यानं बघायला हवा, हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

दाखवणारा निवडताना आणखी एक गोष्ट मी तपासतो. ज्या बाजूचं आपल्याला ऐकायला आवडत नाही, ती बाजू तो सांगतो का? भीमा कोरेगावला घेऊन जाणाऱ्यानं पेशव्यांच्या फौजेच्या हालचाली सांगाव्यात, कंपनीच्या पलटणीतल्या महार सैनिकांबद्दल सांगावं, आणि 1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी का गेले, आज लाखो माणसं तिथे कशासाठी नतमस्तक होतात, हेही त्याच आदरानं सांगावं. यातलं एक जरी टाळलं तरी तिथे गेलेला माणूस अर्धी गोष्ट घेऊन परततो. पानिपतावर काला आम दाखवून रडवणं सोपं आहे. रसद कशी तुटली, यमुना आडवी कशी आली, दिल्लीचा रस्ता कोणाच्या हाती राहिला, हे सांगायला अभ्यास लागतो.

परदेशात या कामाला व्यवसायाचं रूप आलेलं आहे. ब्रिटनमध्ये रणभूमी मार्गदर्शकांची एक संघटना 2003 पासून चालते. अभ्यास आणि प्रत्यक्ष मैदानावरचं सांगणं, दोन्ही तपासूनच ती आपला बिल्ला देते. फ्लँडर्सला, सोमला आजही तिथली माणसं पणजोबाचा शेवटचा खंदक शोधत जातात, आणि त्यांना पलटणीच्या रोजनिशीवरून नेमक्या शेतात नेऊन उभं करणारे मार्गदर्शक आहेत. आपल्याही घरांतले पणजोबा मेसोपोटेमियात, इटलीत लढले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत अप्पर टायबरच्या खोऱ्यात पडले. मोंतोने गावात 2023 मध्ये त्यांच्या नावानं स्मारक उभं राहिलं. युरोपच्या मराठी सहली रोम-फ्लॉरेन्स करतात, हे गाव वाटेपासून फार लांब नाही. एखाद्या कंपनीनं तिथे अर्धा दिवस ठेवला आणि मराठा लाइट इन्फंट्रीतला एखादा निवृत्त अधिकारी बरोबर नेला, तर त्या सहलीसाठी मी आनंदानं जास्तीचे पैसे मोजीन.

मंडळाच्या शेवटच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. वॉटर्लूवाल्यांचं म्हणणं, तिथे सगळं तयार आहे, टेकडी आहे, संग्रहालय आहे. मी म्हटलं, ती सिंहाची टेकडी रचायला रणांगणावरचीच माती उपसली आणि मूळचा उतारच बदलून गेला. त्याच वेलस्लीची आपल्या वऱ्हाडातली लढाई अजून जवळजवळ जशीच्या तशी शेतात पडून आहे. मी बोलत होतो अकोला जिल्ह्यातल्या आडगावबद्दल. 29 नोव्हेंबर 1803, दिवस कलता. भोसल्यांची फौज मन्याबापूंच्या हाताखाली सिरसोली ते आडगाव पसरलेली. इंग्रज येत होते ते माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या ज्वारीतून, आणि पुढचं काही दिसत नव्हतं. पीक संपून मोकळ्यात येताच मराठी तोफांचा मारा सुरू झाला आणि असईला टिकलेल्या पलटणींपैकी तीन पाठ फिरवून पळाल्या. वेलस्लीनं त्यांना स्वतः गोळा करून परत आणलं. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्यानंच पुढे लिहिलं. भोसल्यांच्या बाजूनं अरब-इराणी शिपायांची एक टोळी इंग्रज पायदळावर थेट चालून गेली आणि तिथेच संपली. सूर्य मावळला, चांदण्यात पाठलाग झाला, 38 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. ज्वारीनं एवढा मोठा भाग घेतलेली दुसरी लढाई मला माहीत नाही, आणि ज्वारी म्हणजे काय हे युरोपातल्या मार्गदर्शकापेक्षा आपल्या शेतकऱ्याला अधिक कळतं.

ठरलं ते असं. यंदा आडगाव आणि गाविलगड, सरांबरोबर. त्यांनी मानधन नको म्हटलं होतं. आम्ही ऐकलं नाही. सहलीच्या खर्चात वाहनाइतकीच रक्कम मार्गदर्शकासाठी पहिल्या ओळीत लिहिली आहे. द्रास पुढच्या उन्हाळ्यात, जूनमध्ये, दारव्ह्याकडच्या एका निवृत्त सुभेदारांबरोबर. त्यांनी त्या भागात नोकरी केली आहे आणि स्मारकाला तासभर देणाऱ्या कार्यक्रमावर त्यांनी फोनवरच काट मारली. त्यांनी आमच्याकडून एक कबुलीही घेतली आहे, की पहिल्या दिवशी कोणी घाई करायची नाही, उंचीवर आधी श्वास बसू द्यायचा.

आडगावला 29 नोव्हेंबरलाच जायचं. सरांचा आग्रह आहे की दुपारी तीनच्या आत पोचायचं, कारण लढाई साडेचारच्या सुमाराला पेटली आणि उन्हाची तिरीप कोणाच्या डोळ्यांवर होती ते त्याच वेळी कळेल. सिरसोलीकडून चालत यायचं, गाडी मागे ठेवून. ज्यांच्या शेतातून जायचं त्यांना त्यांनी आत्ताच निरोप पाठवला आहे. कपाशीची वेचणी चालू असली तर धुऱ्यावरूनच चालायचं, आणि कोणाच्या वावरात अजून ज्वारी उभी असेल तर मालकाला विचारून तिच्या ओळींतून एकदा आत शिरून बघायचं.